बाहेर कोण बसणार?

"हात डोक्यामागं घ्या," डॉक्टर देवस्थळी म्हणाल्या. "आणि पोट आत ओढू नका. तुम्हाला ओढून धरायची सवय लागलीय. सोडा. सगळं सोडा."

मी सोडलं.

समोर पुरुषभर उंचीचा आरसा होता. गेल्या कित्येक वर्षांत मी आरशासमोर शर्ट काढला नव्हता. न्हाणीघरातला आरसासुद्धा मी मुद्दाम गळ्यापर्यंतच दिसेल असा उंच टांगला होता. आणि आता त्या पांढऱ्याफटक उजेडात माझं पोट माझ्यासमोर लोंबत होतं. पोट तरी कसलं, चुरमुरे ओतून रिकामं केलेलं पोतं खुंटीला टांगावं तशी नुसती कातडी. बेंबीपासून निघालेली ती घडी मांड्यांवर येऊन पडली होती. घडीच्या आत कायम लाल, कायम ओलं.

डॉक्टरांनी जांभळ्या पेनानं रेघ मारायला सुरुवात केली. पेनाचं टोक गार होतं. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, खालून, धनुष्यासारखी एक रेघ. मग वरून एक.

"ह्या दोन रेघांमधलं सगळं जाईल. आतले स्नायू फाकलेत, ते मधे आणून शिवायचे. मग वरची कातडी खाली ओढून इथं जोडायची."

"आणि बेंबी?"

"बेंबी जागेवरच राहील. वरून ओढलेल्या कातडीला नवीन भोक पाडून तिला बाहेर काढायची."

मी मान हलवली.  आरशाच्या कडेला धरून मी उभा राहिलो, तर डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं मागं स्टूल सरकवलं.

मी भरतेश मगदूम. जयसिंगपूरला आमचं भडंगाचं दुकान आहे, अजूनही आहे. ही गोष्ट आठ वर्षांपूर्वीची, मी चौतीस वर्षांचा असतानाची. माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. कॉलेज सोडून गल्ल्यावर बसलो आणि बसलोच. समोर दिवसभर भाजलेले शेंगदाणे, लसणाचा वास, येईल त्याच्याबरोबर चहा. तिशी गाठेपर्यंत माझं वजन एकशे सत्तेचाळीस किलो झालं होतं. मग एक दिवस दुकानाच्या तीन पायऱ्या चढून मी टांगा ओढणाऱ्या घोड्यासारखा धापा टाकायला लागलो, आणि काय झालं कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून चालायला लागलो. अंकलीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. तीन वर्षं चाललो. वजन उतरलं. ब्याऐंशीवर आलो. गावात लोक थांबवून हात मिळवायचे.

कातडी मात्र कुठं गेली नाही. ती मी एका रुंद पट्ट्यानं आवळून शर्टाखाली ठेवायचो. मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. पत्रिका छापायला दिल्या होत्या.

आईला सांगितलं होतं की भट्टीचं नवं मशीन बघायला पुण्याला जातोय. सोबत सुकुमार होता, माझा शाळेपासूनचा मित्र. सगळं ठाऊक असलेला तो एकटाच.

मी आरशाच्या खोलीतून बाहेर आलो तर सुकुमार दारातच उभा. तोंड उतरलेलं.

"भरत्या, सासरे गेले रं. आत्ता परत फोन आला. माझ्याशिवाय मयत उचलत न्हाईत म्हणालेत. बायकोला घेऊन निघायला लागतंय."

"जा की," मी म्हणालो. "जायलाच पाहिजे."

"आणि तुझं?"

"माझं बघतो मी."

तो गेला. पंधरा मिनिटांत देवस्थळीबाई खोलीवर आल्या. त्यांना कळलं होतं.

"बाहेर कोण बसणार?" त्यांनी सरळ विचारलं. "चार तास मी आत असणार. काही ठरवायची वेळ आली तर मला बाहेर एक जबाबदार माणूस लागतो. नसेल तर मी हात लावत नाही."

"कुणी नसलं तर?"

"तर घरी जा. महिन्याभरानं या."

महिन्याभरानं म्हणजे लग्नाच्या तोंडावर. म्हणजे नाहीच. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.  देवानं दार उघडलंय, निघावं, असं मनात आलं. मी पिशवीतून पट्टा काढला आणि पोटाला लावायला लागलो. जांभळ्या रेघा घडीत बुडाल्या. आतल्या ओल्या लाल जागेवर पट्ट्याची कड बसली, तशी डोळ्यांपुढं काजवे चमकले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. त्रिशला. जिच्याशी माझं लग्न ठरलं होतं ती. कुरुंदवाडची मुलगी, पुण्यात एका वास्तुविशारदाकडं नकाशे काढायची नोकरी करायची. रोज ऑफिसला पोचली की मला एक फोन करायची.

"बघितलं का मशीन?" तिनं विचारलं.

"बघायला निघालोय."

आणि त्याच क्षणी दारात उभ्या राहिलेल्या सिस्टर कांबळे खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मगदूम, ऑपरेशन होणार की नाही? सलाइन लावायचं थांबवू का?"

त्रिशलानं ते ऐकलं.

"भरतेश, तुम्ही कुठं आहात?"

मी सिस्टरना हातानं थांबा म्हणून खूण केली.

"दवाखान्यात आहात? अॅक्सिडेंट झालाय का? बोला की!"

 मी दवाखान्याचं नाव सांगितलं.

ती रिक्षानं आली. खांद्याला ऑफिसची बॅग, केस विस्कटलेले. मी पाठीला नाड्या असलेला तो हिरवा झगा घालून खाटेवर बसलो होतो. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातपाय मोजल्यासारखं, आणि खुर्चीत बसली.

मी सगळं सांगितलं. तिच्याकडं न बघता, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीकडं बघत. बघायला गेलो तेव्हा मी तिला "पूर्वी थोडा जाड होतो" एवढंच म्हणालो होतो. आता आकडे सांगितले, कातडीचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं.

"पासष्ट किलो उतरवलंस?" ती म्हणाली. मला तोवर तिनं कधी एकेरी हाक मारली नव्हती. "पासष्ट किलो! हे सांगायचं सोडून लपवलंस? आणि भट्टीचं मशीन? मी काल मैत्रिणीच्या नवऱ्याला विचारून कुठलं मशीन चांगलं ते लिहून घेतलं तुझ्यासाठी!"

"चुकलं."

"हे माझ्यासाठी करतोयस?"

"नाही." मग म्हणालो, "हो. तसं नाही. मला माहीत नाही."

"माझ्यासाठी असेल तर कपडे घाल. आत्ता घाल. खाली रिक्षा उभी असेल अजून."

तेव्हा मी तिला ते सांगितलं जे सुकुमारलासुद्धा सांगितलं नव्हतं. "रात्री कूस बदलायची झाली तर मला आधी पोट हातानं उचलून पलीकडं ठेवावं लागतं. मग मी वळतो. रोज. झोपेतून जागा होऊन. आत जखमा होतात, त्या वाळत नाहीत. उन्हाळ्यात वास येतो. मी दिवसातून तीनदा अंघोळ करतो. दुकानातले पोरगे म्हणतात, मालक लई स्वच्छ."

 ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या बोटाला निळी शाई लागली होती.

"सही केलीय. बाहेर मी बसते. लग्नाचं नंतर बघू." एवढं बोलून, पुन्हा अहो-जाहोवर जात, तिनं विचारलं, "तुमच्या आईंना सांगितलंय?"

"नाही. तिला कळता कामा नये. काही झालं तरी. शपथ घे."

"शपथबिपथ मी घेत नाही," ती म्हणाली. "का पण?"

 मला न्यायला चाकांची ढकलखाट दारात आली होती.

ऑपरेशनची खोली इतकी गार होती की माझे दात वाजायला लागले. मला अरुंद टेबलावर घेतलं. दोन्ही हात बाजूला पसरून फळ्यांवर ठेवले. डोक्यावर तो मोठा गोल दिवा, अजून न लावलेला, आणि त्याच्या काचेत उलटा, लहानसा मी. बोटाला चिमटा लावला आणि कुठंतरी यंत्र टुकटुक करायला लागलं. ते माझं काळीज होतं. मी जसजसा घाबरायला लागलो तशी टुकटुक वाढली. चारचौघांत तोंडावर काही न दाखवायची मला वर्षानुवर्षांची सवय. इथं माझी भीती सगळ्यांना ऐकू येत होती.

भूल देणारे डॉक्टर हुद्दार डोक्याशी उभे होते. वयस्कर, जाड भुवयांचे.

"पूर्ण नाव सांगा."

"भरतेश आण्णासाहेब मगदूम."

"घाबरलात?"

"मी उठेन ना, डॉक्टर?"

"सगळे हेच विचारतात. उठाल." त्यांनी मास्क हातात घेतला. "आता लांब श्वास घ्या."

"माझे वडील उठले नव्हते."

मास्क माझ्या तोंडाच्या वर वीतभर अंतरावर थांबला.

"काय म्हणालात?"

"पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. उठले नाहीत."

"काल मी तुम्हाला विचारलं होतं. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का? तुम्ही नाही म्हणालात."

"म्हणालो."

"का?"

तुम्ही ऑपरेशन रद्द कराल म्हणून, असं मी म्हणालो नाही.  डॉक्टर हुद्दारांनी मास्क बाजूला ठेवला आणि ते देवस्थळीबाईंशी हळू आवाजात बोलले. रक्ताच्या नात्यात भुलीनं असं झालं असेल तर ते पोरातही येऊ शकतं, कोणती भूल होती ते कळल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, एवढं मला ऐकू आलं.

"कुणाला माहीत असेल?" हुद्दारांनी मला विचारलं.

"आईला."

"तिला फोन लावा."

"डॉक्टर, नको."

"मगदूम," ते म्हणाले, "तुम्हाला उठायचंय ना?"

मला पुन्हा ढकलखाटेवर घालून बाहेरच्या लहान खोलीत आणलं. दाराशी त्रिशला होती. त्या लांबलचक पॅसेजमध्ये, भिंतीला लागून, ती ज्यावरून उठली होती ते लाकडी बाक मला दिसलं, आणि मी डोळे मिटले.

एकोणीस वर्षांचा असताना अशाच एका बाकावर मी बसलो होतो. शेजारी आई. दुपारी दार उघडलं आणि डॉक्टर डोक्यावरची टोपी काढत बाहेर आले. ते माझ्याकडं बघत नव्हते, आईकडं बघत होते. आईच्या तोंडातून तेव्हा जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. विहिरीत काहीतरी जड पडावं तसा तो होता. त्या दिवशी मी ठरवलं होतं की ह्या बाईला पुन्हा कधी असल्या बाकावर बसवायचं नाही. काही झालं तरी नाही.

त्रिशलानं फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आत्ती, मी त्रिशला. आधी ऐका, भरतेश ठीक आहेत. माझ्यासमोर आहेत, ठीक आहेत. इथं एक डॉक्टर तुम्हाला काहीतरी विचारणार आहेत. त्यांना सगळं खरं सांगा."

मागं दुकानात भट्टीची घरघर चालली होती. ती बंद झाली. आईनं बंद करायला लावली असणार.

हुद्दारांनी विचारलं. आण्णासाहेबांचं ऑपरेशन कधी झालं, कसं झालं, भूल दिल्यावर अंग तापलं होतं का, दातखिळी बसली होती का. आई एकेकाचं उत्तर देत गेली. नाही. नाही. तसं काही नाही. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, त्ये भुलीनं गेले न्हाईत. छातीनं गेले."

"म्हणजे?"

"दोन महिने छातीत दुखत होतं त्यांच्या. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तर काय न्हाई म्हणाले. मला बी सांगितलं न्हाई. घाबरतील म्हणून. मागनं गल्ल्याच्या कप्प्यात गोळ्या सापडल्या, जिभेखाली ठेवायच्या. मग मी दुकानातल्या म्हाताऱ्या गड्याला विचारलं, तर तो रडायलाच लागला. त्याला ठाऊक होतं. मालकांनी शपथ घातली होती त्याला."

मी ऐकत होतो. पंधरा वर्षं मी त्या गल्ल्यावर बसत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. भूल म्हणजे मरण, अशी माझ्या डोक्यात गाठ बसली होती, आणि ती खोटी होती. सुटकेचा श्वास टाकावा तर टाकता येईना. त्याहून वाईट काहीतरी माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

"तिथं काय चाललंय?" आईनं विचारलं. "माझं पोरगं कशाला आलंय डॉक्टरकडं?"

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं थोडक्यात सांगितलं. 

"भरतेश," हुद्दार माझ्याकडं वळले, "आता एकदाच विचारतो. आणखी काय लपवलंय? छाती? दम? चक्कर? औषध? काहीही."

"नाही. छाती ठीक आहे. सगळ्या तपासण्या खऱ्या आहेत."

"मग?"

 "सकाळी चहा घेतला. अर्धा कप. सुकुमारला सासरे सिरियस असल्याचा पहिला फोन आला, तो रडायला लागला, त्यानं माझ्यापुढं कप धरला. मी घेतला."

"दुधाचा?"

"दुधाचा."

 हुद्दारांनी चष्मा काढून डोळे चोळले. "भूल दिल्यावर तो चहा वर येऊन फुप्फुसात गेला असता. अर्धा कप पुरतो. उपाशी राहायला आम्ही उगीच सांगत नाही. तुम्ही वडिलांचं बोलला नसता तर मी आत्ता..." ते पुढं बोलले नाहीत.

फोनमधून आईचा आवाज आला. "बापावर गेलाय. अगदी बापावर." आणि मग, वेगळ्याच, कोरड्या स्वरात, "डॉक्टरसाहेब, मी येते. मी तिथं येऊस्तोवर माझ्या पोराला हात लावू नका."

"नाही लावत, बाई," हुद्दार म्हणाले. "आज लावणारच नाही. उद्या सकाळी. तुम्ही या."

आई दिवस मावळायच्या आधी पोचली. शेजारच्या बाळगोंडाची गाडी घेऊन आली होती. दुकानातल्याच साडीवर, पदराला तिखटाचे डाग. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आम्ही जैन, दिवस मावळल्यावर तर ती पाणीही घेत नाही. त्रिशलानं केळी आणि दूध आधीच आणून ठेवलं होतं.

"आत्ती, अजून उजेड आहे. आधी खाऊन घ्या. मग त्यांना काय बोलायचं ते बोला."

आईनं तिच्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं दोन केळी खाल्ली, दूध प्यायली. मग हात धुऊन माझ्या खाटेशी येऊन बसली. मला वाटलं रडेल. मारेल, असंही वाटलं. तुला पुन्हा त्या बाकावर बसवायचं नव्हतं, एवढंच मी म्हणालो.

"तुला कुणी सांगितलं रं, की मी बाकावर बसू शकत न्हाई?"

"आई, त्या दिवशी तुझं काय झालं होतं ते मी बघितलंय."

"काय बघितलंस? बाकाचा त्रास नव्हता मला. चार तास काय, चार दिवस बसले असते. मला काय ठाऊक नव्हतं, त्याचा त्रास होता. त्या माणसाच्या छातीत दोन महिने दुखत होतं, मी त्याच्या शेजारी झोपत होते, आणि मला ठाऊक नव्हतं. म्हणे, घाबरतील." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आणि आज तू मला तिथं शेंगदाणे भाजायला लावून इथं कापून घ्यायला निजलास. तुझं काय झालं असतं, तर मी फोनवर काय ऐकलं असतं? मला तर तू मशीन बघायला गेला होतास."

मी तिच्या पदरावरचे तिखटाचे डाग बघत राहिलो.

"करायचंय तर कर," ती म्हणाली. "तुझं अंग हाय. खरं बाहेर मी बसणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी भीती काही कमी नव्हती. उलट जास्त होती. कालपर्यंत मी मेलो असतो तर एकटा मेलो असतो. आज बाकावर दोघी होत्या. आई णमोकार पुटपुटत होती. त्रिशला तिच्या शेजारी, मांडीवर आईची पिशवी घेऊन. कालच्या सहीनंतर ती डॉक्टरांशी बोलत होती, सिस्टरशी बोलत होती, आईशी तर फारच, पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं. ढकलखाट बाकासमोरून गेली तेव्हा आईनं माझ्या पायाला हात लावला. त्रिशलानं नुसतं बघितलं.

पुन्हा तो गारठा. पुन्हा ती टुकटुक.

"आज काय घेतलंय सकाळी?" हुद्दारांनी विचारलं.

"काही नाही. थुंकीसुद्धा गिळली नाही."

"शाबास," ते म्हणाले आणि मास्क खाली आला. रबराचा वास. मी दिव्याच्या काचेतल्या त्या उलट्या माणसाकडं बघितलं. मला ओरडून थांबा म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि

कुणीतरी माझ्या गालावर थोपटत होतं. घसा खरवडल्यासारखा झाला होता. कमरेखालून आडवं, कुणीतरी जाड दोर घालून गाठ मारून, वर पाय देऊन आवळतंय असं दुखत होतं. मला पाय सरळ करता येत नव्हते. गुडघ्यांखाली उशा होत्या, पोटाला घट्ट बंध, बाजूनं दोन नळ्या निघालेल्या.

"आई," मी म्हणालो, "मी उठलो का?"

"उठलास," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "गप पड."

त्याच संध्याकाळी त्यांनी मला चालायला लावलं. पायांत रक्ताच्या गाठी होतात म्हणे, पडून राहिलं तर. एक पाऊल टाकलं की वाटायचं, आता सगळी शिवण उसवणार आणि आतलं सगळं फरशीवर पडणार. मी वाकून, कुबड काढून, आईच्या खांद्याला धरून खोलीच्या दारापर्यंत गेलो. तिथं पोचल्यावर मला भोकाड पसरून रडू आलं. रडताना पोट हललं, तसं आणखी दुखलं.

चौथ्या दिवशी पहिल्यांदा पट्टी सोडायची होती. सिस्टर कांबळे ट्रे घेऊन आल्या. "चला, नातेवाईक बाहेर. ताई, तुम्ही पण."

त्रिशला उठली. बॅग घेऊन दाराकडं निघाली. आज तिला ऑफिसला परतायचं होतं आणि तिनं लग्नाचं अजून काही सांगितलं नव्हतं. ती आता दारातून बाहेर गेली की गेली, असं मला वाटलं. टेबलावरच्या त्या गारठ्यात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या क्षणी वाटली.

"तू कुठं चाललीस?" आई म्हणाली. "बस हितं. बघ. मी किती दिवस बघणार हाय त्याचं?"

त्रिशला थांबली. माझ्याकडं बघितलं. विचारत होती. "बघू?" असं तिचे ओठ म्हणाले.

मी पोट आत ओढायला गेलो. ओढता आलं नाही. आत सगळं शिवलेलं होतं. "बघ," मी म्हणालो.

सिस्टरनी बंध सोडला, पट्टी उचलली. मी खाली बघितलंच नाही. दोघींच्या तोंडाकडं बघत राहिलो. आई पुढं वाकली. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत गेलेल्या त्या शिवणीवरून तिनं बोट फिरवलं, न टेकवता, हवेतूनच.

"मला बी हितंच हाय," ती म्हणाली. "एवढी लांब न्हाई. तुझ्या वेळची. साडेचार किलोचा होतास. तवा बी आडमुठाच, वळेचना."

हे सुद्धा मला माहीत नव्हतं.

 त्रिशलानं नकाशे तपासणाऱ्या माणसाच्या नजरेनं ती शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. निळंकाळं पडलेलं बघितलं, नळ्या बघितल्या, नव्या जागेवरची सुजलेली बेंबी बघितली. कपाळाला एक आठी होती. ती तशीच ठेवून तिनं विचारलं, "सिस्टर, यांना मांडी घालून कधीपर्यंत बसता येईल?"

"मांडी? आत्ता कशाला मांडी?" सिस्टर म्हणाल्या. "दीड-दोन महिने तरी जपायला पाहिजे."

"मेमध्ये आमचं लग्न आहे. पाटावर तास-दीड तास बसावं लागेल."

सिस्टर बोटांवर काहीतरी मोजायला लागल्या. आईनं त्यांच्या हातातली नवी पट्टी घेऊन त्रिशलाच्या हातात दिली.

"न्हाई बसता आलं तर खुर्ची टाकू," ती म्हणाली. "कोण काय म्हणतंय बघते मी."